एक्स-रे रूममधून सीटी-एमआरआयच्या कन्सोलवर: बेळगाव सीमाभागातल्या तंत्रज्ञांसाठी

डिप्लोमा झालाय, एक्स-रेवर दोन-चार वर्षं हात बसलाय, पोर्टेबल आणि बेरियम-आयव्हीपी (औषध देऊन घेतलेले आतड्याचे-किडनीचे एक्स-रे) जमतं, आणि आता सीटी-एमआरआय शिकायचंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या बऱ्याच तंत्रज्ञांची पुढची पायरी हीच असते. अडचण अशी की बहुतेक ठिकाणी शिकवणं उलट्या बाजूने सुरू होतं. नव्या माणसाला सिनियर सांगतो, "ब्रेन प्लेन निवड, इथून इथपर्यंत बॉक्स ओढ, ओके दाब." आठवड्यात काम चालू होतं. मग रुग्ण जाड निघाला, श्वास रोखेना, कॅन्युला (शिरेतली नळी) हाताच्या पाठीवर निघाली की गाडी अडते, कारण बटणामागचं कारण कुणी सांगितलेलंच नसतं.

शिकताना एकच कसोटी समोर ठेवा. रुग्ण टेबलावरून उतरण्याआधी तुम्हाला सांगता आलं पाहिजे की डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या चित्रांत आहे की नाही. जांबोटी-कणकुंबीकडून पहाटेची बस धरून आलेल्या माणसाला "परत या, स्कॅन नीट आला नाही" म्हणणं म्हणजे त्याची एक दिवसाची मजुरी, भाडं, आणि सीटी असेल तर दुसऱ्यांदा रेडिएशन. पुढचं सगळं या कसोटीसाठी आहे.

कुठे शिकायचं, आधी काय विचारायचं

कर्नाटकात मेडिकल इमेजिंगचा डिप्लोमा पॅरामेडिकल बोर्डाकडून होतो आणि बीएस्सीची पदवी मुख्यतः राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कॉलेजांतून. पदवीकडे जायचं असेल तर डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे का, हे कॉलेजला लेखी विचारा. कोल्हापूर, सांगली किंवा मिरजेहून डिप्लोमा करून इकडे नोकरी करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की करावी: ज्या राज्यात काम करणार, तिथली नोंदणी लागते का आणि तुमचं प्रमाणपत्र तिथे चालतं का. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने रेडिऑलॉजी आणि इमेजिंगचे तंत्रज्ञ राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आले आहेत. त्यामुळे 'शेजारच्या राज्यात चालतंय की' या भरवशावर राहू नका.

कोर्सपेक्षाही जागा महत्त्वाची. जिथे शिकणार तिथे चार गोष्टी विचारा. रेडिऑलॉजिस्ट जागेवर बसतात की रिपोर्ट फक्त बाहेरून येतात? कॉन्ट्रास्टसाठी (शिरेतून दिली जाणारी डाय) प्रेशर इंजेक्टर आहे की हाताने देतात? रात्री अपघाताचे आणि पक्षाघाताचे रुग्ण येतात का? आणि शिकाऊ माणसाला कन्सोलवर बसू देतात की फक्त रुग्ण चढवायला-उतरवायला ठेवतात? रेडिऑलॉजिस्ट शेजारी बसून "हा स्लाइस का हलला?" असं विचारणारा असेल, तर पगार थोडा कमी असला तरी तिथेच जा. बाहेरून रिपोर्ट येणाऱ्या सेंटरमध्ये चूक कळायला दोन दिवस लागतात, आणि तोवर रुग्ण गावी पोहोचलेला असतो.

जागा बदलताना तुमचा टीएलडी बॅजचा (अंगावर पडलेल्या किरणांचा डोस मोजणारा बॅज) वैयक्तिक क्रमांक नव्या ठिकाणी सांगा. क्रमांक तोच राहिला तर आयुष्यभराच्या डोसची नोंद तुटत नाही. बॅज छातीवर आणि लेड एप्रनच्या आत लावायचा, तो एक्स-रे रूममध्ये टांगून घरी जायचं नाही. आपल्याकडे कर्मचाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाऊ नये. सीटीच्या कन्सोलमागे नीट काम करणाऱ्याचा आकडा याच्या आसपासही जात नाही. तो वाढलेला दिसला तर दार उघडं ठेवून स्कॅन होतोय का, किंवा रुग्णाला धरायला कायम तुम्हीच आत जाताय का, ते पाहा.

यंत्राआधी शरीर

एक्स-रेमध्ये सगळं एकावर एक दिसतं, सीटीत आडवा काप दिसतो. हा बदल डोक्यात बसायला वेळ लागतो आणि तो वेळ देणं भाग आहे. रोज अर्धा तास एक नॉर्मल प्लेन (डायशिवायचा) स्कॅन उघडा आणि माउसने वर-खाली फिरत एकाच अवयवाचा माग काढा. आज महाधमनी: हृदयातून निघते, कमानीतून वळते, मणक्याच्या डाव्या बाजूने खाली येते, बेंबीच्या आसपास दोन फाटे होतात. उद्या स्वादुपिंड, परवा मेंदूतली व्हेंट्रिकल्स. एका वेळी एकच. महिन्याभरात डावं-उजवं चुकत नाही, आणि बोलस ट्रॅकिंगचा (डाय पोहोचली की स्कॅन सुरू करणारा) गोल कुठे ठेवायचा हे कुणाला विचारावं लागत नाही.

त्याच वेळी एचयूचे (हाउन्सफील्ड युनिट, म्हणजे सीटीत ऊती किती दाट दिसते त्याचं माप) आकडे पाठ करा: पाणी ०, हवा −१०००, चरबी साधारण −१००, ताजं गोठलेलं रक्त ५० ते ७०, हाड काहीशे ते हजाराच्या वर. मग विंडो (पडद्यावर कोणते एचयू राखाडी छटांत दाखवायचे ती मर्यादा) समजायला लागते. मेंदूसाठी रुंदी ८०, मध्य ४०. फुप्फुसासाठी १५०० आणि −६००. हाडासाठी २००० आणि ५०० च्या आसपास. पक्षाघाताच्या रुग्णात रुंदी ४० वर आणून पाहा. रक्तपुरवठा तुटलेला मेंदूचा भाग सुरुवातीच्या तासांत फक्त थोडासा काळपट दिसतो, आणि ८० च्या विंडोत तो नजरेतून निसटतो.

सीटी: सकाळचं पहिलं काम

ट्यूब वॉर्म-अप कधीही गाळू नका. थंड अॅनोडवर एकदम मोठा करंट पडला की उष्णतेच्या धक्क्याने त्याला तडे जातात, आणि ट्यूब बदलणं हा कुठल्याही सेंटरला फार मोठा खर्च असतो. मशीन काही तास बसून असेल तर दुपारी पुन्हा वॉर्म-अप. त्यानंतर एअर कॅलिब्रेशन, मग वॉटर फँटम (पाणी भरलेला चाचणीचा डबा). फँटमच्या चित्रात मध्ये एक आणि घड्याळाच्या १२, ३, ६, ९ च्या जागी चार आरओआय (एचयू मोजायचे गोल) टाका. मधला आकडा ० च्या आजूबाजूला ५ एचयूच्या आत हवा, आणि कडेच्या आकड्यांशी त्याचा फरक फार नको. चित्रात गोल रिंग दिसली तर डिटेक्टरची एखादी जागा बिघडली आहे. कॅलिब्रेशन पुन्हा करा, तरीही राहिली तर इंजिनियरला फोन. त्या दिवशी ब्रेनचे स्कॅन तसेच घेत बसू नका, कारण मेंदूच्या मध्यभागी पडलेली रिंग ट्यूमरसारखी भासू शकते.

सेंटरिंग

नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त बिघडतं ते इथे, आणि चित्र ठीकठाक दिसत असल्याने ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

गँट्रीच्या केंद्रात रुग्णाचं केंद्र आलं पाहिजे, वर-खालीसुद्धा. आडव्या लेसरने पोटाच्या मध्यातून, म्हणजे काखेच्या मधल्या रेषेतून गेलं पाहिजे. टेबल खाली राहिलं आणि टोपोग्रामच्या (स्कॅनआधी घेतलेलं आराखड्याचं चित्र) वेळी ट्यूब टेबलाखाली असली, तर रुग्ण ट्यूबच्या जवळ येतो आणि टोपोग्रामात तो खऱ्यापेक्षा जाड दिसतो. मशीनचा ऑटो एमए (ट्यूबचा करंट आपोआप ठरवणारी सोय) त्या सावलीवरच ठरतो. माणूस जाड समजून तो करंट वाढवतो आणि डोस विनाकारण चढतो. टेबल वर गेलं तर उलट होतं: रुग्ण बारीक दिसतो, करंट कमी पडतो, चित्र दाणेदार येतं. यात बो-टाय फिल्टरचीही भर पडते. हा फिल्टर मध्ये पातळ, कडेला जाड असतो, आणि शरीराचा जाड भाग केंद्रात आहे असं धरूनच बनवलेला असतो. शरीर सरकलं की जाड भागाला कमी किरण आणि पातळ भागाला जास्त असा उलटा हिशोब होतो.

म्हणून टोपोग्राम झाल्यावर लगेच पुढे जाऊ नका. मणका मध्यरेषेत आहे का? दोन्ही बाजूंना हवेची जागा सारखी आहे का? पोटाच्या स्कॅनमध्ये दोन्ही हात डोक्यावर उशीवर आहेत का? एक हात जरी खाली राहिला तर यकृतावर आडव्या रेघा येतात. खांदा दुखतोय म्हणून हात वर जाईना, तर दोन्ही हात पोटावर उशी ठेवून त्यावर ठेवा. शरीराला चिकटून बाजूला नकोत.

डोस: आकडा बोलतो

प्रत्येक स्कॅननंतर डोस पेजवर सीटीडीआय आणि डीएलपी येतात. सीटीडीआय ही एका भागातल्या डोसची तीव्रता, आणि तिला स्कॅनच्या लांबीने गुणलं की डीएलपी. पोटासाठी डीएलपीला ०.०१५ ने गुणलं की परिणामी डोसचा अंदाज मिलिसिव्हर्टमध्ये मिळतो, डोक्यासाठी ०.००२१ ने. समजा पोटाचा सीटीडीआय १२ मिलिग्रे आहे. आळसाने बॉक्स खाली ५ सेंटिमीटर जास्त ओढला, तर डीएलपी ६० ने वाढली, म्हणजे जवळजवळ ०.९ मिलिसिव्हर्ट. सामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट ठरवलेली आहे. ती रुग्णाच्या तपासणीला लागू नाही, पण तुमच्या पाच सेंटिमीटरचं वजन यावरून कळतं. तोच बॉक्स तिन्ही फेजला (डायनंतर ठरावीक वेळांनी घेतलेले स्कॅन) तसाच राहिला तर तिप्पट.

करंट अर्धा केला की नॉइज (चित्राचा दाणेदारपणा) दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो. मुतखड्यासाठी केलेल्या प्लेन स्कॅनला कमी डोसवर चालतं, कारण खडा आजूबाजूच्या ऊतींपेक्षा खूप उजळ असतो. यकृतातली छोटी गाठ शोधायची असेल तेव्हा हात आखडू नका. मुलांना मोठ्यांचा प्रोटोकॉल (स्कॅनची ठरवून ठेवलेली सेटिंग) कधीही लावू नका. वजनानुसार वेगळे प्रोटोकॉल आधीच रेडिऑलॉजिस्टकडून ठरवून मशीनमध्ये साठवून ठेवा. रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळासमोर हिशोब सुचत नाही.

श्वासाची सूचना

मशीनमध्ये आधीच रेकॉर्ड केलेली इंग्रजी किंवा हिंदी सूचना आपल्याकडच्या निम्म्या रुग्णांना कळत नाही. ऑटोव्हॉइसमध्ये मराठी आणि कन्नड अशा दोन सूचना स्वतःच्या आवाजात भरून ठेवा: "श्वास घ्या, रोखून धरा" आणि "उसिर एळकोळ्री, हिडकोळ्री". बोलायला जितके सेकंद लागतात तेवढाच डिले मशीनमध्ये टाका. सूचना सहा सेकंदांची आणि डिले चारचा, तर स्कॅन सुरू होताना छाती हलत असते. आणि रुग्ण टेबलावर असतानाच दोनदा सराव करून घ्या. सरावात किती वेळ श्वास धरवतो ते पाहा. दहा सेकंदही धरवत नसेल तर पिच (टेबल किती झपाट्याने सरकतं ते) आणि रोटेशनचा वेग बदलून स्कॅन छोटा करा.

पल्मनरी अँजिओला (डाय देऊन फुप्फुसाच्या धमन्यांत गुठळी शोधणारा सीटी) मात्र "मोठा श्वास घ्या" म्हणू नका. खोल श्वासाबरोबर पोटाकडून येणारं, डाय न मिसळलेलं रक्त इन्फिरिअर व्हेना कावामधून जोरात उजव्या हृदयात शिरतं आणि नेमक्या त्याच क्षणी पल्मनरी आर्टरीतला कॉन्ट्रास्ट पातळ होतो. गुठळी आहे की नाही हे मग सांगता येत नाही. "साधा श्वास घेऊन थांबा", एवढंच.

कॉन्ट्रास्ट

इथे तुमच्या हातून जीव वाचतो किंवा धोक्यात येतो, म्हणून घाई नको. डाय देण्याआधी स्वतः विचारा. फॉर्मवर टिक आहे म्हणून पुढे जाऊ नका. आधी कधी डाय दिली होती का, तेव्हा काही झालं का? दमा आहे का? किडनीचा आजार, क्रिएटिनिन किती? साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू आहे का? थायरॉइड? पाळी चुकली आहे का? ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) ३० च्या खाली असेल तर रेडिऑलॉजिस्टला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि अशा रुग्णाचं मेटफॉर्मिन ४८ तास थांबवून किडनीची पुन्हा तपासणी करूनच सुरू करायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. "मला मासे, कोळंबी चालत नाही" असं कुणी सांगितलं तर ते लिहून ठेवा, पण तेवढ्यावरून तपासणी रद्द करायची गरज नाही. माशांची अॅलर्जी त्यातल्या प्रथिनांमुळे असते, आयोडीनमुळे नव्हे.

अँजिओला सेकंदाला ४ मिलिलिटर द्यायचं तर कोपराच्या आतल्या बाजूला २० गेजची कॅन्युला (गेजचा आकडा जितका लहान तितकी ती जाड), ५ द्यायचं तर १८. हाताच्या पाठीवरच्या २२ गेजवर २ ते २.५ च्या वर नेऊ नका. मग अँजिओचा वेग कमी होईल, हे रेडिऑलॉजिस्टला आधी सांगा. डाय शरीराच्या तापमानाला गरम करून ठेवली की ती पातळ होते आणि दाब कमी लागतो. आधी १० मिलिलिटर सलाइन हाताने द्या, नंतर इंजेक्टरने ज्या वेगाने डाय जाणार त्याच वेगाने सलाइनची चाचणी घ्या. ट्यूबिंगमधली हवा पूर्ण काढली आहे हे डोळ्यांनी पाहा, इंजेक्टरच्या स्क्रीनवरून नव्हे.

डाय सुरू झाल्यावर पहिले दहा-बारा सेकंद शक्य असेल तर शिरेवर बोट ठेवून उभे राहा आणि स्कॅन सुरू होण्याआधी बाहेर पडा. फुगवटा लागला की थांबवा. प्रेशर ग्राफवर विसंबू नका. कॅन्युला वाकली किंवा अडली तर दाब चढतो, पण डाय मांसात जात असताना पुष्कळदा दाब वाढतच नाही. डाय बाहेर गेली असेल तर इंजेक्शन थांबवा, हात उंच ठेवा, बर्फाचा किंवा गरम शेक द्या, किती मिलिलिटर गेली ते लिहा आणि डॉक्टरांना बोलवा. बोटं सुन्न पडली, गार झाली किंवा फोड आले, तर लगेच सर्जनकडे.

यकृताच्या तीन फेजची वेळ (डाय सुरू झाल्यापासून) पाठ असावी: उशिराची आर्टेरियल साधारण ३५ ते ४० सेकंद, पोर्टल ६५ ते ८०, डिलेड ३ ते ५ मिनिटं. पण हृदय कमजोर असेल तर डाय उशिरा पोहोचते आणि ठरीव सेकंद फसतात. अशा वेळी बोलस ट्रॅकिंग: महाधमनीत गोल ठेवा, १०० एचयू ओलांडल्यावर १५ ते २० सेकंदांनी आर्टेरियल. गोल भिंतीवरच्या कॅल्शियमवर पडला तर स्कॅन आधीच सुटतो, श्वासाने सरकून फुप्फुसाच्या हवेत गेला तर सुटतच नाही. म्हणून बोट मॅन्युअल स्टार्टवर ठेवा आणि डोळे महाधमनीवर. डायमागून ३० ते ४० मिलिलिटर सलाइन ढकला, नाहीतर बरीच डाय दंडाच्या शिरेतच पडून राहते आणि काखेत रेघा मारते.

इमर्जन्सी ट्रे खोलीतच हवा, कपाटात कुलूपबंद नको. अॅड्रेनॅलिनचा १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा अँप्युल समोर, शेजारी सिरिंज. दम लागला, आवाज घोगरा झाला, बीपी पडलं, तर मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. ते डॉक्टर तीस सेकंदांत पोहोचतील अशी व्यवस्था नसेल तर त्या वेळी डाय द्यायचीच नाही. स्कॅन झाल्यावर कॅन्युला लगेच काढू नका. अर्धा तास रुग्णाला समोरच्या बाकावर बसवा. बहुतेक गंभीर रिअॅक्शन याच वेळात येतात.

एमआरआय: आधी दार, मग यंत्र

सीटीवाल्याची सवय अशी की बटण बंद म्हणजे मशीन बंद. एमआरआयचा चुंबक कधीच बंद नसतो. लाइट गेली, जनरेटर पडला, इमर्जन्सी पॉवर ऑफ दाबलं, तरी चुंबक पूर्ण ताकदीने चालूच असतो. इमर्जन्सी ऑफ (फक्त वीज तोडणारं) आणि क्वेंच (चुंबक गार ठेवणारं हेलियम सोडून चुंबकच संपवणारं) ही दोन वेगळी बटणं आहेत, आणि दोन्ही कुठे आहेत हे पहिल्याच दिवशी हात लावून दाखवून घ्या. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन चुंबकाच्या खोलीत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला. दारापाशी कुणी अडवलं असतं तर ते घडलं नसतं.

स्क्रीनिंग दोनदा करायचं: एकदा कागदावर, एकदा दाराशी, रुग्णाला कपडे बदलायला लावून. आपल्या भागात हे प्रश्न विसरायचे नाहीत. उद्यमबागच्या फाउंड्रीत, लेथवर, ग्राइंडरवर काम केलंय का, आणि डोळ्यात कधी लोखंडाचा कण जाऊन तो डॉक्टरांनी काढलाय का? हो म्हणाला तर आधी डोळ्यांचा एक्स-रे, किंवा अलीकडचा डोक्याचा सीटी असेल तर तो रेडिऑलॉजिस्टला दाखवा. डोळ्यातला कण चुंबकात फिरला तर दृष्टी जाऊ शकते. तंबाखू खाणाऱ्याला चंची आणि चुन्याची डबी काढायला सांगा. कंबरेला खोचलेली असते आणि तो स्वतःहून सांगत नाही. सेफ्टी पिना पदराला, ब्लाउजला, मंगळसूत्रातही असतात. जोडवी, करगोटा, ताईत, केसातल्या पिना, जरीची साडी, सगळं बाहेर. चप्पल बाहेर, टाचेत खिळे असतात. कपडे बदलायचा सुती गाऊन द्या आणि "राहू दे, काही होत नाही" हे वाक्य कुणाचंही ऐकू नका.

पेसमेकर असेल तर कार्डावरचं मॉडेल एमआरआय-कंडिशनल (ठरावीक अटींवर एमआरआयला चालणारं) आहे हे तपासून, हृदयरोगतज्ज्ञ आणि रेडिऑलॉजिस्टच्या परवानगीनेच. मेंदूतल्या अॅन्युरिझम क्लिपला ऑपरेशनचे कागद पाहिल्याशिवाय आत नेऊ नका. कॉक्लिअर इम्प्लांटचंही तेच. मोतीबिंदूची लेन्स, दाताची कॅप, टायटॅनियमची प्लेट यांना साधारण अडचण नसते, मात्र चित्र बिघडवतात. नातेवाईक आत येणार असेल तर त्याचंही पूर्ण स्क्रीनिंग. सफाईवाल्या मावशी, वॉर्डबॉय, इलेक्ट्रिशियन यांना तुमच्याशिवाय दार उघडता येता कामा नये. बादलीची कडी, पान्हा, ट्रॉली यांनीच बहुतेक प्रसंग ओढवतात.

रुग्ण आत कोसळला तर त्याला टेबलासकट बाहेर काढून दार लावून मग सीपीआर. चुंबकाच्या खोलीत डिफिब्रिलेटर घेऊन कुणी धावलं की दुसरा अपघात ठरलेला. व्हीलचेअर चिकटली आणि माणूस अडकलेला नाही, तर क्वेंच दाबू नका, इंजिनियरला बोलवा. माणूस अडकला असेल तर मात्र क्षणभरही विचार न करता दाबा. द्रव हेलियमचा वायू होताना तो सुमारे सातशेपट फुगतो, आणि तो बाहेर नेणारा पाइप तुंबलेला असेल तर खोलीतला ऑक्सिजन हटवतो. म्हणून दाबतानाच दार उघडून ठेवा, बाकीच्यांना बाहेर काढा. आतला दाब वाढून दार अडलं तर खिडकीची काच फोडावी लागते.

भाजण्याचे प्रसंग चुंबकापेक्षा आरएफमुळे (यंत्राच्या रेडिओ लहरींमुळे) येतात. हातावर हात, मांडीला मांडी टेकली की शरीरातच वळसा तयार होतो आणि तिथे करंट फिरतो. मध्ये पॅड घाला. कॉइलची केबल वळसा घालून अंगावर ठेवू नका. घामाने भिजलेला गाऊन बदला. हातात बोलावण्याचा रबरी बल्ब द्या, कानात प्लग घाला, आणि "गरम लागलं, टोचलं तर दाबा" हे रुग्णाच्या भाषेत सांगा.

रोज सकाळी हेलियमची पातळी आणि चिलरचं तापमान वहीत लिहा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते-येते तेव्हा चिलर थांबून कोल्डहेड (हेलियम थंड ठेवणारा भाग) बंद पडतं. लाइट आल्यावर चिलर आपोआप चालू झालाय का ते जाऊन पाहा. सेंटर बंद असतानाच्या रविवारी हे कुणी पाहत नाही, आणि सोमवारी हेलियम खाली गेलेला असतो.

सीक्वेन्सचा हिशोब

टी-१ आणि टी-२ हे चित्राचे दोन मुख्य प्रकार. टी-१ ला टीआर (दोन पल्समधला वेळ) आणि टीई (पल्सपासून सिग्नल घेण्यापर्यंतचा वेळ) दोन्ही लहान (साधारण ५०० आणि १५), टी-२ ला दोन्ही मोठे (२५०० च्या वर आणि ९० ते १००), हे सगळे मिलिसेकंद. १.५ टेस्लाला फ्लेअरचा (पाण्याचा सिग्नल दाबणारा सीक्वेन्स) टीआय (सुरुवातीच्या उलट्या पल्सनंतर थांबायचा वेळ) सुमारे २२००, स्टरचा (चरबीचा सिग्नल दाबणारा) १५० च्या आसपास. पण पाठांतराने भागत नाही. वेळेचं सूत्र हाताने करा: टीआर गुणिले फेज स्टेप (चित्रासाठी भरायच्या ओळी) गुणिले नेक्स (प्रत्येक ओळ किती वेळा मोजली), भागिले इको ट्रेन (एका टीआरमध्ये किती ओळी भरल्या). टीआर ४ सेकंद, फेज २५६, नेक्स २, इको ट्रेन १६, म्हणजे १२८ सेकंद, दोन मिनिटं आठ सेकंद. रुग्ण कळवळत असेल तर नेक्स १ करा: वेळ अर्धी होते, सिग्नल आणि नॉइजचं प्रमाण मात्र अर्धं होत नाही, सुमारे ७० टक्के उरतं. हलणाऱ्या रुग्णासाठी हा सौदा जवळजवळ नेहमीच फायद्याचा. परवानगी घेऊन, संध्याकाळी रुग्ण संपल्यावर, फँटमवर एका वेळी एकच आकडा बदलून चित्र आणि वेळ वहीत लिहा. दोन आकडे एकदम बदलले तर काय कशाने झालं ते कळत नाही.

आर्टिफॅक्ट ओळखा आणि उपाय लगेच करा. नाक किंवा हात चित्राच्या दुसऱ्या बाजूला दुमडून आला तर फेज ओव्हरसॅम्पलिंग वाढवा किंवा फेजची दिशा बदला. कंबरेच्या मणक्यावर पोटाच्या हालचालीची भुतं आली तर पुढे सॅच्युरेशन बँड (त्या भागातला सिग्नल दाबणारा पट्टा) टाका. दाताच्या किंवा प्लेटच्या धातूने काळा खड्डा पडला तर ग्रेडियंट इकोऐवजी फास्ट स्पिन इको सीक्वेन्स घ्या आणि बँडविड्थ वाढवा.

कंबरेचा एमआरआय आपल्याकडे सर्वांत जास्त होतो. उसाच्या, शेतीच्या ओझ्याने गादी सरकलेले रुग्ण रोज असतात. इथे एक सवय लावून घ्या. सुरुवातीला पूर्ण मणक्याचा छोटा लोकलायझर (जागा ठरवण्यापुरतं झटपट चित्र) घ्या आणि सी-२ (मानेचा दुसरा मणका) पासून मणके खाली मोजत या. काहींना कंबरेचा सहावा मणका किंवा सेक्रमला जोडलेला पाचवा असतो, आणि खालून वर मोजलं तर गणना एकाने चुकते. सर्जन त्या गणनेवर ऑपरेशनची जागा ठरवतो. हा लोकलायझर एक-दीड मिनिटाचा असतो, आणि कितीही गर्दी असली तरी वगळू नका. अॅक्सियल स्लाइस प्रत्येक गादीच्या कोनाला समांतर लावा, सगळ्या एकाच कोनात नव्हे.

गॅडोलिनियम (एमआरआयची डाय) बहुतेक औषधांचं किलोला ०.२ मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर कोणतं औषध द्यायचं ते रेडिऑलॉजिस्ट ठरवतील. मॅक्रोसायक्लिक (गॅडोलिनियम घट्ट धरून ठेवणारा) प्रकार जास्त सुरक्षित.

वही

नावं न लिहिता प्रत्येक केसची नोंद ठेवा: तारीख, तपासणी, डॉक्टरांनी काय विचारलं होतं, प्रोटोकॉलमध्ये काय बदललं आणि का, सीटी असेल तर डीएलपी, पुन्हा स्कॅन लागला का आणि कशामुळे. शेवटच्या रकान्यात रेडिऑलॉजिस्टची सही. आमच्या मते साधारण पन्नास ब्रेन आणि तीस पोटाचे प्लेन स्कॅन शेजारी माणूस बसवून झाल्याशिवाय कॉन्ट्रास्टला एकट्याने हात लावू नये, आणि एमआरआयचं दार स्वतंत्रपणे सांभाळण्याआधी निदान एक महिना फक्त स्क्रीनिंग करावं. 'पुन्हा स्कॅन' चा रकाना महिन्याच्या शेवटी वाचा. तीच चूक दोनदा दिसली तर त्या विषयावर पुढच्या आठवड्यात रेडिऑलॉजिस्टकडून अर्धा तास मागून घ्या. नव्या नोकरीच्या मुलाखतीत ही वही सोबत न्या. प्रमाणपत्रावर तास लिहिलेले असतात. त्या तासांत काय केलं हे सह्या असलेल्या पानांवरून दाखवता येतं.